माणसांचा पंच, चेंडूचा पंच

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटला दोन रंगांची शाई लागते. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनानं, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. खेळाडूंची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे फाउलचे पाच चौकोन. त्यांच्या खाली प्रशिक्षकाचं नाव. त्याच्यापुढे चौकोन तीनच. प्रशिक्षक स्वतः वाईट वागला म्हणून टेक्निकल फाउल दिला तर चौकोनात ‘सी’ लिहायचं, त्याच्या बाकावरचं दुसरं कुणी वागलं असेल तर ‘बी’. दोन ‘सी’ झाले की प्रशिक्षकानं मैदान सोडायचं. ‘सी’ आणि ‘बी’ मिळून तीन झाले तरी सोडायचं.

गेली तीसेक वर्षं मी नागपुरात शाळकरी मुलामुलींच्या सामन्यांत शिट्टी वाजवतो आहे. राहतो महालात, गांधी गेटच्या आतल्या एका गल्लीत. घरी माळ्यावर दोनशेपानी वह्यांचा गठ्ठा आहे. सामना आटोपून घरी आलो की रात्री त्यात लिहायचं, ही सवय पहिल्याच वर्षी लागली. स्कोअर त्यात क्वचितच सापडतो. प्रशिक्षक काय म्हणाले, मी काय उत्तर दिलं आणि ते द्यायला हवं होतं का, एवढंच असतं. यंदा पावसाळ्यात त्या वह्या खाली काढल्या, वाळवीनं खाल्लेली पानं बाजूला केली आणि उरलेल्या सलग वाचल्या. मग हंगामातल्या काही सामन्यांना शिट्टी घरी ठेवून गेलो, आणि बाकांच्या मागे उभा राहून नुसता ऐकत राहिलो.

महालात वाढलेल्या मुलाला ‘पंच’ हा शब्द बास्केटबॉलच्या कितीतरी आधी कळतो. चिटणीस पार्कवरची कबड्डी, आखाड्यातली कुस्ती, उन्हाळ्यातला खो-खो. कुस्तीचा निकाल देणारा माणूस बहुधा त्याच मातीत अंग मळलेला असतो. तिथं पंचाशी वाद होत नाहीत असं मुळीच नाही; पण वाद घालणारा आणि पंच एकाच पेठेतले, एकमेकांच्या घरची लग्नकार्यं जेवलेले. बास्केटबॉलचं नागपूर रेल्वेच्या रुळांपलीकडचं. शिवाजीनगर जिमखाना, नूतन भारत युवक संघ अशा क्लबांनी पश्चिम नागपुरात हा खेळ रुजवला, आणि तिथूनच सिया देवधरसारखी मुलगी भारताच्या संघापर्यंत गेली. पहाटे सायकल काढून कॉटन मार्केटवरून, सीताबर्डीवरून तिकडे जायचं आणि दुपारी उन्हात परत यायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा रस्ता. त्या रस्त्यावर जाताना मी नियम मनात घोळवायचो. परतताना मात्र डोक्यात माणसांचे आवाज असायचे.

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हा खेळ रचला, तेव्हा नियम तेराच होते. त्यातला दहावा आणि अकरावा पंचांविषयी. दहाव्या नियमातला पंच माणसांचा न्याय करणार, त्यांचे फाउल टिपणार. अकराव्यातला पंच चेंडूचा: चेंडू खेळात कधी आहे, बाहेर गेला तर कुणाचा, गोल झाला का, वेळ किती उरली. दोन कामं, दोन माणसं. हे नियम मी प्रथम वाचले तेव्हा ही वाटणी जुन्या काळची सोय वाटली होती. आज वाटतं, नेस्मिथना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं की या दोन कामांना दोन वेगळ्या नजरा लागतात. आता मैदानावरचे दोन किंवा तीन पंच दोन्ही कामं एकत्र करतात. चेंडूचा न्याय करायला मला चारेक वर्षांत जमलं. माणसांचा अजून शिकतो आहे.

त्या तेरा नियमांत प्रशिक्षकाचं नावही नाही. नेस्मिथ स्वतः पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघांनी ५५ सामने जिंकले, ६० हरले. अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये टाइम-आउटच्या वेळी प्रशिक्षकानं खेळाडूंशी बोलायची मुभा १९४९ च्या सुमारास मिळाली. त्याआधी मुलांनी मैदानावर आपापसांत ठरवायचं आणि प्रशिक्षकानं बाकावर बसून पाहायचं. नव्या पंचांच्या वर्गात मी हे सांगतो तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही. आजच्या शालेय सामन्यात सर्वांत जास्त ऐकू येणारा आवाज प्रशिक्षकाचाच असतो.

आणखी एक जुनी गोष्ट, कारण ती आपल्या विदर्भाला शिवून जाते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला, तोही उघड्यावर, मातीच्या मैदानावर. अंतिम सामना पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. एका खेळाचे जनक वृद्धपणी आपल्या खेळाचा सोहळा पाहायला आलेले, आणि आपले वऱ्हाडी गडी आपला खेळ जगाला दाखवायला गेलेले. पावसाळी स्पर्धांत सिमेंटच्या कोर्टावर पाणी साचतं, मुलं पोती टाकून ते टिपतात आणि प्रशिक्षक घड्याळ दाखवत पंचांवर ओरडतात, तेव्हा मला तो बर्लिनचा चिखल आठवतो.

०००

प्रशिक्षक का ओरडतात? वह्या वाचताना हा प्रश्न मला पंचवीस वेळा तरी भेटला. तरुणपणी माझं उत्तर एकच होतं: स्वभाव. ते उत्तर अपुरं होतं.

शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. एक सामना हरला की त्या शाळेचं त्या वर्षीचं बास्केटबॉल संपलं. जून-जुलैपासून पहाटे साडेपाचला मुलांना मैदानावर आणणारा शिक्षक ऑगस्ट-सप्टेंबरातल्या चाळीस मिनिटांत सगळं गमावू शकतो. वर दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, स्पर्धेच्या पातळीप्रमाणे चढत जाणारे, जास्तीत जास्त २५. पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या सवलती योग्यच आहेत. आमच्या भागातल्या किती मुलांना त्यांनी उभं केलं ते मी पाहिलं आहे. पण त्यामुळे एका ब्लॉकिंगच्या शिट्टीला एक प्रमाणपत्र लटकलेलं असतं, त्या प्रमाणपत्राला मुलाचा बाप लटकलेला असतो, आणि बाप कुंपणापलीकडे मोबाइलवर शूटिंग करत उभा असतो. प्रशिक्षकाच्या पाठीवर हे सगळं ओझं असतं. तो ओरडतो तेव्हा त्यातला निम्मा आवाज कुंपणापलीकडच्या लोकांना ऐकू जावा म्हणून असतो. ‘सर लढले आमच्यासाठी’ असं पालकांना वाटायला हवं. हे कळल्यापासून मला प्रशिक्षकांचा राग कमी येतो. शिट्टीवर त्याचा परिणाम होऊ देत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरं कारण आपल्या जिल्हा स्पर्धांचं खास आहे. शाळेचा क्रीडाशिक्षक सकाळी पंच असतो आणि दुपारी आपल्या संघाच्या बाकावर प्रशिक्षक. पुरेसे पंच नसतात, मग दुसरं करणार काय? मीही वर्षानुवर्षं तेच केलं. सकाळी ज्यांच्या संघाविरुद्ध चार्जिंग दिलं, तेच सर दुपारी माझ्या संघाच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभे. कुणी कुणाचं देणं फेडत नाही असं मी मनापासून सांगतो. तरी संशय मैदानावर चेंडूबरोबर फिरतो. या व्यवस्थेचा एक फायदाही झाला, तो मान्य केला पाहिजे. शिट्टी तोंडात असताना खेळ किती वेगानं अंगावर येतो हे ज्यानं अनुभवलं, तो बाकावरून बोलताना एक शब्द कमी बोलतो. जे कधीच पंच झाले नाहीत, अशा प्रशिक्षकांनी वर्षातून निदान दोन सामने शिट्टी वाजवावी, असं मला फार वाटतं.

तिसरं कारण साधं: नियम बदलतात आणि सगळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. मी सुरुवात केली तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ होते आणि शॉटसाठी तीस सेकंद. २००० मध्ये दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि चोवीस सेकंद आले. सर्वांत जास्त भांडणं लावली ती ऑक्टोबर २०१७ च्या बदलानं. पळत असताना चेंडू हातात आला, तर तेव्हा जमिनीवर असलेला पाय आता मोजायचा नाही; त्यानंतरची दोन पावलं मोजायची. मुलं टीव्हीवर, मोबाइलवर पाहून हे आधीच शिकली होती. बाकावरच्या सरांच्या डोळ्यांना मात्र ती तीन पावलं दिसायची. त्या हंगामातल्या वहीत पानामागून पान एकच वाक्य आहे: ‘वॉकिंग आहे सर, वॉकिंग! पाहून नाही राहिले का?’ मी मग सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांसमोर ती चाल चालून दाखवू लागलो. चेंडू घेतला, हा पाय शून्य, हा एक, हा दोन. दीड मिनिटाचं काम. त्या दीड मिनिटानं पुढचे दहा वाद वाचायचे.

०००

प्रशिक्षकाला सांभाळायचं काम सामना सुरू होण्याआधीच निम्मं होतं. दोघांनाही सारखाच वेळ द्यायचा, ही माझी पहिली शिस्त. एकाशी हसून दोन मिनिटं बोललो आणि दुसऱ्याशी नुसता हात मिळवला, तर दुसऱ्याच्या बाकावरच्या बारा मुलांनी ते पाहिलेलं असतं. सामन्याच्या दहा मिनिटं आधी प्रशिक्षक स्कोअरशीटवर सही करून पहिले पाच खेळाडू नक्की करतो. त्या वेळी मी टेबलापाशी उभा राहतो. कुणाचा चेहरा ताणलेला आहे, कुणाची मुलं उशिरा आलीत, कुणाला मुख्याध्यापकांचा फोन येऊन गेलाय, हे तिथं कळतं.

मैदानावर पहिला नियम आवाजाचा. प्रशिक्षक मोठ्यानं बोलला तर आपण लहान आवाजात बोलायचं, आणि त्यासाठी जवळ जावं लागतं. लांबून, कोर्टाच्या पलीकडून दिलेलं उत्तर हे उत्तर राहत नाही, ते प्रेक्षकांसमोरचं भाषण होतं. चेंडू थांबला की बाकाजवळून जाताना अर्धं वाक्य बोलायचं. ‘सर, हात खाली आला होता, मला इथून दिसला.’ बस. पुढे निघायचं. थांबलात की संवाद सुरू होतो आणि सामन्यात संवादाला जागा नसते.

दुसरा नियम मला माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यानं शिकवला. प्रश्नाला उत्तर द्यायचं, शेऱ्याला द्यायचं नाही. ‘सर, तो फाउल कुणावर?’ हा प्रश्न आहे. ‘सर, आज तुम्ही ठरवूनच आलात’ हा शेरा आहे. पहिल्याला लगेच, स्वच्छ उत्तर. दुसऱ्यावर एक नजर. तिसऱ्यांदा तेच आलं की बोट वर: ‘सर, एवढं पुरे.’ चौथ्यांदा शिट्टी. नागपुरात याची एक खूण सांगतो, जी कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. आमच्याकडचे प्रशिक्षक शांत असताना मराठीत बोलतात. राग चढला की हिंदीवर जातात. ‘सर, थोडं पाहा ना’ वरून ‘क्या सर, दिखता नहीं क्या?’ वर गाडी आली की समजायचं, पुढच्या दोन मिनिटांत काहीतरी घडणार. मी त्या बदलाकडे कान लावून असतो, आणि हिंदीचं उत्तर मुद्दाम मराठीत देतो. कितीदा तरी समोरचा पुन्हा मराठीवर आला आहे.

टेक्निकल द्यायचा तर तो राग अंगातून निघून गेल्यावर द्यावा लागतो. हातांची ‘टी’ करायची, टेबलाला सांगायचं आणि बाकाकडे पाठ फिरवून लांब जायचं. आपला जोडीदार पंच मग प्रशिक्षकाजवळ जातो, कारण ज्यानं दिला त्यानंच समजावायला गेलं की जखमेवर बोट पडतं. आजच्या नियमानं टेक्निकलला एक फ्री थ्रो मिळतो आणि खेळ जिथं थांबला तिथून पुढे सुरू होतो. शिक्षा हलकी झाली, ते चांगलं झालं. जड शिक्षा असली की पंच ती द्यायला कचरतो, कचरला की सहन करतो, आणि सहन करता करता एकदम फुटतो.

आणि भरपाईची शिट्टी कधीही वाजवायची नाही. एकीकडे चूक झाली म्हणून दुसरीकडे खोटा फाउल दिला, की एका चुकीच्या दोन होतात आणि दोन्ही प्रशिक्षक तुम्हाला ओळखून बसतात. त्यापेक्षा बाकाजवळून जाताना सांगावं: ‘सर, ते माझ्याकडून सुटलं.’ सामन्यात एकदाच. हे वाक्य ऐकून ओरडलेला प्रशिक्षक मी अजून पाहिलेला नाही.

एवढं सगळं मला कसं कळलं, ते लिहिल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना होता, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. तेव्हा जर्सीचे नंबर ४ ते १५ असायचे. तेरा नंबरच्या मुलीवर फाउल दिला, हातानं तेरा दाखवला. टेबलावर तो बारा नंबरच्या नावापुढे लिहिला गेला. माझं काम होतं टेबलानं नंबर बरोबर उचलला का हे पाहणं. मी पाहिलं नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये चार मिनिटं उरली असताना बारा नंबरच्या मुलीचा पाचवा फाउल जाहीर झाला. ती त्या संघाची कर्णधार होती, आणि त्यांची सर्वांत चांगली खेळाडू. तिचे सर धावत टेबलाशी आले. ‘चारच आहेत तिचे! मी मोजून राहिलो, चारच!’ ते ओरडत होते, टेबलावर हात आपटत होते. मी ऐकलं ते ओरडणं. त्यातला आकडा ऐकला नाही. शिट्टी वाजवून टेक्निकल दिला. त्या वेळी प्रशिक्षकाच्या टेक्निकलला दोन फ्री थ्रो असायचे आणि वर चेंडूही मिळायचा. समोरच्या मुलीनं दोनपैकी एक टाकला. सामना एका गुणानं संपला.

सह्या झाल्यावर मी माझ्या जोडीदाराबरोबर पुन्हा एकदा फाउल आठवत बसलो, तेव्हा हिशेब लागला. सर बरोबर होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सामना संपताच कर्णधार स्कोअरशीटवर ठरलेल्या जागी सही करून निषेध नोंदवू शकली असती. तेरा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? तिचे सर रागात मैदानाबाहेर उभे होते. मला ठाऊक होतं, आणि सामना संपला तेव्हा मी शिट्टीची दोरी गुंडाळत होतो. त्या रात्रीच्या पानावर एकच ओळ आहे: ‘आकडा ऐकायला हवा होता.’

तेव्हापासून प्रशिक्षक ओरडायला लागला की मी आधी त्याच्या बोलण्यात एखादा आकडा, नाव किंवा जागा आहे का ते शोधतो. असेल तर घड्याळ थांबवून टेबलाशी जातो, पाहतो, मग हवं तर आवाजाबद्दल बोलतो. आणि प्रत्येक सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना समोर उभं करून सांगतो: चेंडू थांबला आणि घड्याळ थांबलं की तू मला नीट शब्दांत विचारू शकतेस, तो तुझा हक्क आहे, आणि सामना संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत निषेधाची सही करायचाही. पहिल्यांदा ऐकणारी मुलं डोळे मोठे करतात.

०००

एक प्रसंग असा असतो, जिथं नियमपुस्तकात चटकन बोट ठेवता येत नाही. प्रशिक्षक पंचाला काही बोलत नाही, समोरच्या संघालाही नाही. तो आपल्याच मुलीला बोलतो. चेंडू हातातून सुटला म्हणून तिला बाहेर बोलावून सगळ्यांसमोर तिच्या घराचा, तिच्या बुद्धीचा, शरीराचा उद्धार करतो. कधी टपली, कधी कान. बाकीचे पालक मान खाली घालतात. पंचानं काय करावं? पुष्कळ पंच म्हणतात, तो त्यांच्या घरचा मामला.

माझं मत स्पष्ट आहे आणि मी ते प्रत्येक वर्गात सांगतो. टेक्निकलच्या नियमात बाकावर बसण्याची परवानगी असलेल्या व्यक्तींशी अनादरानं वागणंही येतं. बदली खेळाडू मुलगी बाकावर बसलेली आहे. मग ती त्यात का येणार नाही? शिवाय हे शाळेचे संघ आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. वर्गाच्या भिंतीपाशी ती संपते आणि कोर्टाच्या रेषेपाशी थांबते, असं कुठं आहे? मी असे टेक्निकल दिले आहेत. एकदा मला एक प्रशिक्षक म्हणाले, ‘माझी पोरगी आहे, मी काहीही बोलीन.’ मी म्हणालो, ‘सर, चाळीस मिनिटं ती माझ्याही मैदानावर आहे.’ त्यांच्या मनाला ते पटलं असं मला वाटत नाही. मुलीनं मात्र मान वर केली, ते मी पाहिलं.

पंचांवरचा आरडाओरडा जगात किती दूर जाऊ शकतो, ते आठवावं लागतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या बास्केटबॉल अंतिम सामन्यात तीन सेकंद उरले असताना अमेरिका ५०-४९ अशी पुढे होती. सोव्हिएत बाकाचं म्हणणं, आम्ही टाइम-आउट मागितला होता, तो दिला नाही. आरडाओरडा, टेबलाशी गर्दी, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स स्वतः खाली उतरून आले. सामन्यात हस्तक्षेपाचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांच्या सांगण्यावरून ते तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले. सोव्हिएत संघ ५१-५० जिंकला. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं आजवर स्वीकारलेली नाहीत. मला त्या कथेत नेहमी रिगेत्तो दिसतात: मोठा अधिकारी समोर, हजारो प्रेक्षक, आणि सही न करणारा एक हात.

डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथं मुलांच्या फुटबॉल सामन्यानंतर एका लाइन्समनला खेळाडूंनी इतकं मारलं की दुसऱ्या दिवशी तो गेला. तो पगारी पंच नव्हता. त्याचा मुलगा त्या सामन्यात खेळत होता, म्हणून तो झेंडा घेऊन उभा राहिला होता. शिक्षा झालेल्यांत अल्पवयीन मुलं होती आणि एका मुलाचा बाप होता. त्या मुलांना पंचावर धावून जायला कुणी एका दिवसात शिकवलं नसणार.

अमेरिकेत शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघानं २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सुमारे ५० हजार पंच कमी झाल्याचं सांगितलं. आपल्याकडे अशी मोजणी मी पाहिलेली नाही, पण पंचांच्या परीक्षेला बसलेली मुलं दोन हंगामांनी दिसेनाशी होतात, हे मी डोळ्यांनी पाहतो. मानधन थोडं असतं, जाण्यायेण्याचा खर्च खिशातला. तरी सोडून गेलेल्या मुलांशी बोललो की कारण पैशांचं क्वचितच निघतं. ‘सर, आईवरून बोलले. सगळे हसत होते.’ एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, हातात नवी शिट्टी. ती शिट्टी आता बिनदाण्याची असते. रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडाच्या पंचांची शिट्टी १९८४ मध्ये ब्राझीलमधल्या एका सामन्यात ऐन वेळी वाजलीच नाही, आत दाणा अडकला. त्यातून पुढे त्यांनी दाणा नसलेली शिट्टी बनवून घेतली. शिट्टी आता अडकत नाही. वाजवणाराच घाबरला, तर त्यावर कुणी उपाय काढलेला नाही. निदान पहिल्या वर्षाच्या पंचाबरोबर प्रत्येक सामन्यात एक जुना पंच असलाच पाहिजे, आणि नव्याला कुणी बोललं तर टेक्निकल जुन्यानं द्यावा. याला पैसा लागत नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांनी एकदा ठरवलं की झालं.

०००

या हंगामात मी बाकामागे उभा राहून पाहिलेला शेवटचा सामना सांगतो. सतरा वर्षांखालच्या मुलांचा. दोन पंचांपैकी एक मुलगी, महालातलीच, तिचा हा पहिलाच हंगाम. एका बाकावर तिचे स्वतःचे सर. सहावीत तिच्या हातात चेंडू दिला तो त्यांनी. आपल्याकडे हे फार अवघड असतं. ज्यांच्या पाया पडायचं, त्यांना टेक्निकल कसा द्यायचा? ती अर्धा तास आधी आली होती. फाटकाबाहेर, रस्त्यावर, सर स्कूटर लावत असताना तिनं वाकून नमस्कार केला. मग आत आली, आणि दोन्ही प्रशिक्षकांशी सारखाच हात मिळवला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये सरांनी दोनदा तिच्या शिट्टीवर हात झटकले. तिनं एकदा जवळून जाताना काहीतरी सांगितलं. नंतर एका चार्जिंगवर ते बाकाची रेषा ओलांडून आत आले आणि तिच्या नावानं ओरडले, एकेरी, सहावीतल्या मुलीला ओरडावं तसं. तिनं शिट्टी वाजवली. हातांची ‘टी’ केली. टेबलाकडे तोंड करून, आवाज न चढवता सांगितलं: प्रशिक्षक, सी. आणि वळून पलीकडच्या टोकाला गेली. तिचा जोडीदार सरांजवळ आला. सर काही क्षण तसेच उभे राहिले, मग बसले. बाकावरची मुलं एकदा सरांकडे, एकदा तिच्याकडे पाहत होती. तिसरा क्वार्टर होता, म्हणून टेबलावर ते अक्षर लाल पेनानं लिहिलं गेलं.

सरांचा संघ सहा गुणांनी हरला. मी मुद्दाम रेंगाळलो. ती टेबलावरच्या सह्या आटोपून, बूट पिशवीत टाकून फाटकापाशी आली तेव्हा अंधार पडत आला होता. सर स्कूटर सुरू करून उभे होते. दोघंही थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मग ते म्हणाले, ‘चल, बैस. महालातच जाऊन राहिली नं?’